पुढून घातलेली सळई

हॉबर्टकाकांची रायफल मी मागून आणली ती एका सकाळपुरती. माझ्या रायफलीची पिन तुटली होती, खारींच्या शिकारीचा हंगाम लागून आठवडा झाला होता आणि शनिवारी मला सुट्टी होती. बाकी काही कारण नव्हतं.

हॉबर्ट स्टिडम आमच्या घळीच्या तोंडाशी राहायचे, मी वरच्या टोकाला, आईच्या माघारी एकटाच. नातं काही नव्हतं. पण आमच्या केंटकीच्या डोंगरात वडीलधाऱ्या शेजाऱ्याला काका म्हणतात, त्याच्या बायकोला काकू, तसं मी लहानपणापासून म्हणत आलो. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना खाणीतल्या अपघातात गेले. त्यानंतर मला जे काही शिकवलं ते हॉबर्टकाकांनी. ट्रॅक्टर चालवायला त्यांनी शिकवलं, मासा साफ करायला त्यांनी शिकवलं, आणि नेम धरायलाही त्यांनीच, ह्याच रायफलीवर.

रायफल पॉइंट बावीसची. गोळी पेन्सिलीच्या टोकाएवढी, आवाज वाळकी फळी मोडल्यासारखा, धक्का जवळपास नाहीच. दर गोळीला बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हाताने उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबून बसवायचा. काकांनी ती खाणीत लागल्यावर पहिल्याच वर्षी घेतली होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि जिथे त्यांचा गाल टेकायचा तिथे लाकूड काळसर, गुळगुळीत झालेलं. पस्तीस वर्षांत त्यांनी दुसरी रायफल घेतली नाही. "एका बंदुकीची ओळख व्हायलाच निम्मा जन्म जातो," म्हणायचे.

ती साफ करण्याची त्यांची एक रीत होती. आधी बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. मग सळईला चिंधी लावून ती मागच्या बाजूने घालायची, पुढून बाहेर आली की चिंधी काढून टाकायची, आणि सळई अलगद मागे घ्यायची. पुढून सळई कधी घालायची नाही. नळीच्या आत पीळ असतात, त्यांनी गोळी फिरते म्हणून ती सरळ जाते. आणि गोळी नळी सोडताना शेवटी ज्या कडेला शिवते, ती कड नखाएवढी जरी झिजली तरी गोळी भलतीकडे जाते. हे सगळं त्यांनी मला त्यांच्या ओट्यावर बसवून किती वेळा दाखवलं असेल त्याला गणती नाही.

त्या शनिवारी सकाळी पाऊस लागला. मी चार खारी मारल्या, उतारावर घसरून एकदा चिखलात बसलो आणि भिजून घरी आलो. रायफल तशीच ओली तिच्या लोकरीच्या अस्तराच्या पिशवीत घातली, चेन लावली आणि दाराआड उभी केली. जेवल्यावर पुसू म्हटलं. जेवत होतो तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. रस्ते खात्यातले माझ्याबरोबरचे दोघं तळ्यावर निघाले होते, मासे गळाला लागतायत म्हणाले. मी गेलो.

परत आलो तेव्हा रायफल डोक्यातून गेली होती. आणि त्याच आठवड्यात हॉबर्टकाकांना पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, पण मागोमाग न्यूमोनिया झाला, आणि ते घरी आले तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. मी दवाखान्यात भेटायला जायचो. एकदा त्यांनी विचारलं, "पोरगी बरी आहे ना?" रायफलीला ते पोरगी म्हणायचे. मी म्हटलं, "पुसून, तेल लावून ठेवलीये, काका." हे बोलताना मला अर्धंमुर्धं खरंच वाटत होतं की आपण पुसली असणार. इतक्या वेळा ते काम हाताखालून गेलं होतं की न केलेलंही केल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी इमोजिनकाकूंचा फोन आला. काका उठूफिरू लागलेत आणि रायफल मागतायत, फायर स्टेशनवरची कार्डांची नेमबाजी पुढच्या शनिवारी आहे. मी म्हटलं संध्याकाळी आणून देतो. मग दाराआडची पिशवी काढून चेन उघडली.

लोकर नळीला चिकटली होती. ओढली तसा खाली तांबूस भुगा पडला. बाहेरून नळीवर गंजाचे चट्टे आले होते, बोल्ट हातोडीने ठोकून उघडावा लागला, आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं तर आतून ती जुन्या धुराड्यासारखी दिसत होती.

त्या वेळी मी उठून, आहे तशी रायफल घेऊन खाली गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. काका रागावले असते. चार दिवस बोलले नसते. मग दोघं मिळून ती घेऊन बसलो असतो. मला हे तेव्हाही कळत होतं. पण ते नुकते मरणाच्या दारातून परत आलेले, त्यांना ही अशी कशी दाखवायची, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता.

गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व घासायची खरबरीत पेस्ट होती. लोखंडी सळई होती, तीन तुकडे जोडून होणारी. मागून घालायला ती पुरेशी लांब नव्हती, म्हणून मी पुढून घातली. चिंधीला पेस्ट लावून रंधा मारावा तसा तासभर खसाखसा घासत बसलो. सळई दर खेपेला नळीच्या कडेवर घासली जात होती, तिचा आवाज येत होता. मला कळत होतं. गंज निघतोय एवढंच मी बघत होतो. मग बाहेरून बारीक लोखंडी लोकरीने पुसलं, मुलामा उडाला होता तिथे काळसर निळा रंग भरला, तेल लावलं. शेवटी उजेडाकडे धरली तर नळी आतून आरशासारखी चमकत होती.

संध्याकाळी काकांनीही ती तशीच खिडकीकडे धरली. बोल्ट काढून एक डोळा मिटून पाहत राहिले. मी दारातच उभा होतो. ते म्हणाले, "माझ्यापेक्षा लख्ख ठेवलीस तू." काकूंनी मला बसवून घेतलं, घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. मी दोनदा मागून घेतला.

फायर स्टेशनमागच्या मैदानात दर वर्षी कार्डांवर नेमबाजी होते. पंचवीस यार्डांवर पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर फुली, आणि फुलीच्या मध्याला ज्याची गोळी सगळ्यात जवळ, त्याला धुरी दिलेली डुकराची अख्खी मांडी. हॉबर्टकाका त्यातल्या बहुतेक वर्षी ती मांडी घरी न्यायचे आणि काकू अर्धी आम्हाला वाटून टाकायच्या. त्या वर्षी त्यांची पहिली गोळी कार्डाच्या कोपऱ्यात लागली. दुसरी कार्डाला लागलीच नाही. त्यांनी थांबून नळीवरची नेम धरायची माशी जराशी सरकवली. तिसरी उलट बाजूला गेली.

लोक हसले. वाईट हेतूने नाही. कोणीतरी म्हणालं, "हॉबर्ट, पित्ताशयाबरोबर डोळे पण काढून घेतले की काय डॉक्टरांनी?" काकाही हसले. म्हणाले, तपासून बघायला पाहिजे, बिलात लावलेत का ते.

तेव्हा एल्झी नावाचा एक जुना खाणकामगार, त्यांच्याच वयाचा, आपली रायफल घेऊन पुढे आला. म्हणाला, हिने मारून बघ एकदा. काकांनी हात पुढे केला होता. आणि मी मध्ये पडलो. म्हटलं, "राहू द्या आज, एल्झीकाका. दवाखान्यातून उठलेला माणूस आहे, दमलेत ते." काकांनी माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे पोराचं."

गंज माझ्या आळसाने चढला. पेस्ट मी भीतीने लावली. पण हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, पुढचं सगळं दिसत असताना बोललो. दुसऱ्या रायफलीने त्यांनी फुली फोडली असती आणि मग सगळ्यांनी माझ्या हातून आलेल्या रायफलीकडे पाहिलं असतं.

पुढच्या दिवसांत त्यांच्या कोठारामागून आवाज यायचा. एक एक गोळी, मध्ये बराच वेळ. घळीत आवाज वरपर्यंत येतो. मी रस्त्यावर कामाला जाताना, येताना ऐकायचो. मग एक दिवस तो यायचा थांबला.

ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने सांगितलं, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, ह्या वयाला डोळे छान आहेत. नवा चष्मा दिला. चष्मा लावूनही गोळ्या तशाच गेल्या. तेव्हा त्यांनी ठरवलं की दोष डोळ्यांचा नाही, आतला आहे. भूल दिल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूला काहीतरी होतं असं त्यांनी ऐकलं होतं. मला म्हणाले, "फुली मला स्पष्ट दिसते, पोरा. चाप दाबताना हात हलत नाही. मला वाटतं तिथे मी नेम धरलेलाच नसतो. मग रस्त्यावर गाडी जिथे दिसते तिथेच ती असते कशावरून?"

मी म्हटलं, "रायफलीचंही काही असेल, काका." हे मी म्हटलं होतं, नाही असं नाही. ते म्हणाले, "नळी आरशासारखी आहे. तूच तर ठेवलीस."

चर्चची व्हॅन काका चालवायचे. रविवारी सकाळी घळीघळीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळा करायचे आणि परत सोडायचे. जानेवारीत त्यांनी किल्ली परत दिली. स्वतःची गाडी पुतण्याला देऊन टाकली. परवान्याची मुदत संपली ती पुढे वाढवली नाही. म्हणाले, ज्याला पंचवीस यार्डांवर पुठ्ठा मारता येत नाही त्याने सहा म्हाताऱ्या बायकांना घेऊन वळणावळणाच्या रस्त्याला जाऊ नये.

व्हॅन मी चालवायला घेतली. काका-काकूंना बाजारात, दवाखान्यात, टपाल कचेरीत मीच न्यायचो. लोकांना ते दिसत होतं. एका रविवारी प्रार्थनेच्या वेळी काकू उभ्या राहिल्या आणि देवाने आम्हाला पोटचं पोर दिलं नाही पण लोवेल दिला, म्हणून त्यांनी आभार मानले. सगळ्या बाकांवरून लोकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे बघत होतो. माझा विनय समजून लोकांना ते आणखीच आवडलं.

काकूंची बहीण ऑलिटा ओहायोला, हॅमिल्टनमध्ये राहायची. आमच्याकडची निम्मी माणसं कारखान्यांमागे तिकडे गेली, त्यातलीच ती. काका दर तीन महिन्यांनी काकूंना तिच्याकडे घेऊन जायचे. पाच तासांचा रस्ता. त्या हिवाळ्यात ऑलिटाला दम लागायला लागला. काकूंनी मला विचारलं, फेब्रुवारीत नेशील का रे. मी म्हटलं, रस्त्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकायचं काम असतं, सुट्टी मिळणार नाही, मार्चच्या पहिल्या आठवड्यात नक्की नेतो. काकू म्हणाल्या बरं.

फेब्रुवारीच्या एकवीस तारखेला ऑलिटा गेली. अंत्यविधीला मी त्यांना घेऊन गेलो. पाच तास काकू मागच्या सीटवर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तुझ्यामुळे निदान माती तरी द्यायला मिळाली.

वसंतात काका घळ चढून माझ्या दारात आले, हातात रजईत गुंडाळलेली रायफल. त्यांनी ती माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मेल्यावर द्यायची तर आत्ताच देतो. तू तिला नीट ठेवतोस." मी नको म्हटलं. ते बरं वाटलं असावं त्यांना, कारण त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सावकाश उतरून गेले.

अशी ती रायफल माझ्या मालकीची झाली. दीड वर्ष मी ती कपाटात ठेवली. मग एका दुपारी बाहेर काढली, कुंपणाच्या खांबाला पुठ्ठा लावला आणि ओंडक्यावर टेकवून दहा गोळ्या मारल्या. माझं वय तेहेतीस, डोळे शाबूत, रायफल ओंडक्यावर घट्ट टेकवलेली. दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखरून पडल्या होत्या. मला माहीत होतंच. पण माहीत असणं आणि ती भोकं मोजणं ह्यांत फरक पडतो. मी पुठ्ठा खाली काढला आणि तिथेच गवतात बसलो. ह्याच भोकांकडे बघत काका कोठारामागे उभे राहिले असतील, एकटे, आणि त्यांनी स्वतःलाच मोडीत काढलं होतं.

दोन काउंटी पलीकडे डेंटन म्हणून एक बंदूक दुरुस्त करणारा आहे. त्याच्याकडे मी ती नेली. त्याने भिंग लावून नळीचं तोंड पाहिलं. मग म्हणाला, कोणीतरी पुढून पेस्ट घालून घासलीये, कड अंडाकृती झालीये, शेवटच्या इंचात पीळच उरले नाहीत. कोणी केलं असं त्याने विचारलं. मी सांगितलं, विकत घेतली तेव्हाच अशी होती. तो म्हणाला, ज्याने केलं त्याच्या हातात परत बंदूक देऊ नये. मी म्हटलं, खरंय.

त्याने पुढचा दीड इंच कापून टाकला आणि नवी कड काढून दिली. कापलेला तुकडा पाकिटात घालून माझ्या हातात दिला, तुला बघायचा असेल तर म्हणून. घरी येऊन मी परत दहा गोळ्या मारल्या. आत थोडे खड्डे राहिलेच होते, पण दहाही गोळ्या एका बाटलीच्या बुचाखाली झाकल्या गेल्या असत्या.

तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार काय होता तेही सांगतो. रायफल गुपचूप काकांना द्यावी, एकदा मारून बघा म्हणावं, त्यांची गोळी फुलीवर बसेल, मेंदू बरा झाला असं त्यांना वाटेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तीन दिवस मी हाच बेत घोळवत होतो. त्यांच्या घरासमोरून जाऊन परतही आलो. चौथ्या दिवशी गेलो तेव्हाही हाच बेत होता. पण दारात काकूंनी रायफल पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "ती त्यांच्यासमोर नको आणूस रे. रडतात ते अजून, तुला सांगत नाहीत." मग बेत काही उरला नाही.

दुपारची वेळ होती. काका खिडकीपाशी बसले होते. काकू टेबलाशी घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. मी टोपी काढली आणि उभ्याउभ्याच बोललो.

"काका, तुमच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. मेंदूलाही नाही. रायफल मी बिघडवली होती."

मग सगळं सांगितलं. ओली पिशवी, तळं, पेस्ट, एल्झीची रायफल, सगळं. काकांनी मध्ये हात वर केला. "बस कर, पोरा. माझं मन राखायला बोलतोयस. तुझ्या मनात चांगलंच असतं, मला माहीत आहे."

मी पाकीट उघडून तो दीड इंचाचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग करंगळीचं नख आत घालून कडेवरून फिरवलं. एकदा, परत एकदा. त्यांचा चेहरा मी दोन वर्षं बघायचा टाळला होता, तो आता बघितला. राग नव्हता. हिशेब लावताना माणूस दिसतो तसे दिसत होते.

"कशाने घासलीस?"

"व्हॉल्वच्या पेस्टने."

"कुठून?"

"पुढून."

"मी काय शिकवलं होतं तुला?"

"मागून."

त्यांनी तुकडा खिडकीच्या कडेवर ठेवला. काकूंचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणजे त्या फेब्रुवारीत ह्यांना गाडी चालवता आली असती."

मी हो म्हटलं. त्यांनी शेंगांचं भांडं उचललं आणि बाहेर ओट्यावर गेल्या. दार जाळीचं होतं, त्यामुळे शेंगा मोडल्याचे आवाज आत ऐकू येत होते. मग तेही बंद झाले.

काका म्हणाले, "तुला तेव्हा सुट्टी नव्हतीच ना खरंच?"

हे मी सांगणार नव्हतो. घरून निघताना जे सांगायचं ठरवलं होतं त्यात हे नव्हतं. म्हटलं, "होती, काका. चार दिवस शिल्लक होती. एप्रिलमधल्या टर्कीच्या शिकारीसाठी ठेवली होती."

त्यांनी मान हलवली. मग उठले, माझ्या हातातून रायफल घेतली, कपाटातल्या डब्यातून तीन गोळ्या घेतल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मला ये म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. कोठारामागून तीन आवाज आले. ते जाऊन पुठ्ठा बघून आले असणार, कारण वेळ लागला. परत आले तेव्हा पुठ्ठा त्यांच्याकडे नव्हता. रायफल त्यांनी टेबलावर ठेवली, बोल्ट उघडा.

"गुरुवारी सकाळी आठला ये," म्हणाले. "मला कोर्टात ने. परवान्याची परीक्षा तिथेच होते."

गुरुवारी आम्ही गेलो. तळघरातल्या खोलीत एका पोलिसाने त्यांना यंत्रात डोळे लावून अक्षरं वाचायला सांगितली. त्यांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. पोलीस म्हणाला, माझ्यापेक्षा बरं दिसतं तुम्हाला, गाडी कशाला सोडली होती. काका म्हणाले, "गैरसमज झाला होता." मी भिंतीला टेकून उभा होतो. मग चालवण्याची परीक्षा घ्यायला तो त्यांना माझ्या गाडीतून गावात घेऊन गेला. मी कोर्टाच्या पायरीवर वाट बघत राहिलो. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा काकाच चालवत होते. खिडकीतून त्यांनी मला दुसऱ्या बाजूला बसायची खूण केली.

घरी येताना अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, रविवारी चर्चमध्ये उभा राहून मी सगळ्यांना सांगणार आहे. काकांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "नको. तू रडशील, सगळे येऊन तुला मिठ्या मारतील, आणि इमोजिनला त्या ओळीत उभं राहावं लागेल. तिला ते करायला लावू नकोस." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "रायफल तुझीच आहे. दिलेली वस्तू मी परत घेत नाही. साफ करत जा."

मी ती साफ करतो. मागून. मला ती मारायला आवडत नाही, पण दर महिन्याला बाहेर काढतो आणि बोल्ट बाजूला ठेवून बसतो. काकांनी एल्झीच्या मुलाकडून एक दुसरी, जुनीच रायफल घेतली. तिची ओळख व्हायला आता त्यांच्याकडे निम्मा जन्म नाही. व्हॅन परत ते चालवायला लागले. रविवारी मी पाठीमागच्या सीटवर बसतो. रस्त्यात भेटले की हवेचं, रस्त्याचं बोलतात. "लोवेल" म्हणतात, "पोरा" म्हणत नाहीत.

काकू माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. दारात गेलो तर आत बोलावतात, खुर्ची देतात. एवढंच की आता मला "ये" नाही, "या" म्हणतात, पावण्याला म्हणावं तसं. पूर्वी मी त्यांच्या स्वयंपाकघरात झाकण उचलून बघायचो काय शिजतंय. आता बाहेरच्या खोलीत बसतो.

पुढच्या ऑक्टोबरात ती दोघं हॅमिल्टनला गेली, ऑलिटाच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. काकांनी पुतण्याकडून गाडी पाच दिवसांसाठी परत मागून घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, कोंबड्यांना दाणे घालशील का. मी हो म्हटलं. सकाळी मी गेलो तेव्हा गाडी सुरू होती. काकूंनी काच खाली केली आणि समोर बघत सांगितलं, मका पिंपात आहे, सकाळी दोन मापं, संध्याकाळी एक, पाणी रोज बदला, आणि खुराड्याची कडी दोनदा तपासा, कोल्हा येतो. मी म्हटलं तपासतो. काच वर गेली.

चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ खाली जात होतो. मका घातला, पाणी बदललं. कडी लावून चार पावलं जायचो आणि परत येऊन हलवून बघायचो. अंडी धुऊन मागच्या ओट्यावरच्या वाडग्यात ठेवत गेलो.

पाचव्या दिवशी दुपारी गाडी आली. काकू उतरल्या, पाय आखडले होते, दार धरून जरा उभ्या राहिल्या. मी पुढे झालो नाही. त्यांनी खुराड्याकडे पाहिलं, मग विचारलं किती अंडी झाली. मी म्हटलं तेवीस, वाडग्यात आहेत. त्या ओट्यावर चढल्या, वाडगं उचललं, दारापाशी थांबल्या.

"दगड चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. मला की काकांना, कळलं नाही. मग आत गेल्या. मी पिंपाचं झाकण बसलंय का पाहिलं आणि घळ चढून घरी आलो.